वच्छलाची कणीक

ही गोष्ट माह्या पोराले माहीत नाई, भावाले नाई. देवापुढं हात जोडाले बसलो तवाही मी ती मनातल्या मनात बाजूले सारली अन् मंग नमस्कार केला. वच्छला — माह्यी बायको — खरं त तिलेच सांगाची होती, अन् तिलेच सांगतली नाई. आता ती नाई. म्हणून तुमाले सांगून राह्यलो. तुमी माह्ये सोयरे नाई, गावचे नाई, हे एक बरं हाय.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहाची सवय नाई, म्हणून बोलतो तसंच लिहीन. आमच्या गावात मले लोकं फटकळ म्हणतात. हाय मी फटकळ. सरपंचाले तोंडावर बोललो, सोयऱ्याईले भर मांडवात बोललो, पोराच्या सासऱ्याले त बैठकीतच बोललो — लग्न मोडता मोडता राह्यलं. जे हाय ते हाय, अशी माह्यी रीत. मंग असा माणूस एका गोष्टीपाशी बारा वर्षं काहून अडून बसला?

सांगतो. पण पहिले रोडगा काय असते ते सांगू द्या, नाईतर पुढचं समजाचं नाई.

जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक. त्यात ओवा, मीठ, तेलाचं मोहन. लहान पुऱ्या लाटाच्या, तेल लावून एकावर एक ठेवाच्या, वरून मोठी पुरी घेऊन गोळा बंद कराचा. मंग आर. गोवऱ्या पेटल्या, धूर सरला, अन् जो लाल निखारा उरला तो आर. त्याच्यावर रोडगे शेकाचे, फिरवाचे, अन् मंग त्याच गरम राखेत बुजून ठेवाचे. बाहेर काढले, फडक्यात झाडले, दोन हातानं दाबले की रोडगा तडकते अन् आतले पापुद्रे सुटे होतात. त्यात तूप सोडाचं. बाजूले वांग्याचं भरीत, फोडणीचं वरण. बास. याच्या पुढं पुरणपोळी मले द्या नका देऊ.

आमच्या घरी चार महिने वांगं बंद राह्यते. चंपाषष्ठीले खंडोबाले भरीत-रोडग्याचा निवद दाखवला की मंग सुटते. तो निवद आमी वावरात करो, विहिरीजवळच्या निंबाखाली. माह्यी थोरली बहीण — तिले सारे अक्का म्हणतात — तिची लेकरं, नातवंडं, जवाई. उमरखेडहून लहाना भाऊ देविदास, त्याचं दुकान हाय तिकडं, तो सारी माणसं गाडीत कोंबून आणे. वच्छलाच्या माहेरचे. पन्नास पानं त सहज उठत. दिवाळीले कोणी आलं नाई त चाले, पण चंपाषष्ठीले कोणी चुकत नसे.

अन् ते काय माह्या तोंडासाठी येत होते? तिच्या कणकेसाठी येत.

दोन मोठ्या पराती घेऊन ती निंबाखाली बसे. बाकीच्या बायका लाटत, भरत, पण पाणी तिचंच. दुसऱ्या कोणाले पाण्याच्या गडव्याले हात लावू देत नसे. माप नाई, वाटी नाई. पिठाले हात लावून पाहे अन् तेवढंच पाणी सोडे. मळून झालं की अंगठ्यानं कणीक दाबे अन् पाहत राहे. खड्डा सावकाश वर आला की म्हणे, "झाली." मी लांबून पाहो तिले तसं बसलेलं. ओव्याचा वास येत राहे, तिच्या कपाळाले पीठ लागलेलं राहे, अन् तिले ते माहीत नसे. मी कधी सांगतलं नाई. पुसून टाकलं असतं ना तिनं.

कणीक तिची अन् आर माहा. असं आमचं वाटून घेतलेलं. अन् आराच्या बाबतीत मी कोणाले मानत नसो. गावात कोणाच्याही घरी रोडगे असले की मले बोलावणं येई. मी जावो, त्याईच्या गोवऱ्या हातात घेऊन वाजवून पाहो, नाकं मुरडो, "याले काय गोवऱ्या म्हणता का?" असं म्हणो अन् मंगच पेटवाले बसो. लोकं हसत. मले आवडे.

आता त्या वर्षावर येतो. येतो येतो म्हणत इकडं-तिकडंच फिरून राह्यलो मी, हे मलेही कळते.

उन्हाळ्यात गोवऱ्या थापल्या की त्याईची उडवी रचतात, अन् वरून शेणानं लिपून घेतात. लिपलेल्या उडवीत पाणी शिरत नाई. लहान पोट्ट्यालेही हे माहीत असते. त्या वर्षी उडवी रचली अन् लिपाचं राह्यलं. राह्यलं म्हणजे — मी केलं नाई. आज करतो, उद्या करतो. पारावर पत्ते खेळत बसो. वच्छलानं मले विचारलं होतं, "अवो, उडवी लिपली ना?" मी पानं हातात धरूनच म्हणलो, "लिपली." बस एवढंच. तिनं जाऊन पाह्यलं नाई. मी सांगतल्यावर पुन्हा जाऊन पाहाची तिले सवय नव्हती.

पावसाळा ताडपत्रीवर निभला होता, पण ती ताडपत्री कापसासाठी काढली अन् चंपाषष्ठीच्या तीन-चार दिवस आधी अवकाळी पाणी आलं. कापूस फुटलेला, सारे त्याच्याच मागं पळत होते. उडवी कोणाच्या ध्यानात? माह्याही नाई.

निवदाच्या दिवशी सकाळी बैलबंडी घेऊन गोवऱ्या न्याले गेलो. वरच्या चार थरात हात घातला त ठीक. खालच्या काढल्या — जड. वाजवून पाह्यली, आवाजच नाई. दाबली त बोट आत गेलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? शेजारी गेला असता, "बाबा, दोन घमेले गोवऱ्या दे" म्हणला असता. शेजाऱ्यानं हसत दिल्या असत्या. पण तो शेजारी म्हणजे तोच, ज्याच्या गोवऱ्याले मी मागच्याच महिन्यात नाकं मुरडली होती. मी कसा जाऊ त्याच्या दारी? मी!

म्हणून वल्ल्या खाली घातल्या, कोरड्या वर रचल्या, अन् मधात कापसाची वाळलेली पऱ्हाटी खुपसली. पऱ्हाटीचा जाळ मोठा होते, दिसाले झकास. पण ती भडकते अन् विझते. आर धरत नाई. हे मले माहीत नव्हतं का? मी लोकाईले शिकवत फिरो हे.

धूर जास्त झाला. मी म्हणलो, वारा उलटा हाय. वरून लाल दिसत होतं, खाली मात्र सूं सूं करत होतं. तशातच मी रोडगे टाकले, बुजले, अन् दरसालच्या वेळेले काढले. जास्त ठेवले असते त लोकाईनं विचारलं असतं ना, आज काहून एवढा वेळ? लेकरं भुकेनं रडून राह्यली होती. बाहेरून रोडग्याईले रंगही आला होता.

पहिली पंगत बसली. अक्कानं रोडगा घेतला, दाबला. तडकला नाई. तिनं बोटं घालून फाडला. आत पांढरी कणीक, तार निघे अशी.

"काय वं वच्छला, हे रोडगे हायत का घरी न्याले कणकेचे गोळे दिले?"

सारे हसले. अक्काच्या जवायानं आपला रोडगा वर धरला. "मामी, याच्यातून अजून दोन पोळ्या लाटता येतीन! तवा ठेवा."

आणखी हसले. बायका आपापले रोडगे फोडून पाहू लागल्या. सारेच तसे. वच्छला हातात तुपाची वाटी घेऊन पंगतीच्या मधात उभी होती. ती हसली नाई, रडली नाई. नुसती एकाच्या पानात पाहे, मंग दुसऱ्याच्या.

मंग देविदास म्हणला, "दादा, आर थंडा होता का गा?"

हे सहज विचारलं त्यानं. त्याच्या मनात काई नव्हतं. अन् मी तोंड उघडलं होतं, शप्पत सांगतो — नाई, शप्पत नाई घेत. तोंड उघडून मी काय म्हणलो असतो, मले माहीत नाई. कारण माह्या आधी तीच बोलली.

"नाई वो भाऊजी. याईच्या आराले काय झालं? आर त बरोबरच राह्यते. माह्यीच कणीक पातळ झाली असन."

पन्नास माणसाईत मले वाचवलं तिनं. वाचवाचं हाय हे माहीत नसताना वाचवलं. तिले खरंच तसं वाटत होतं.

तवा मी गप्प राह्यलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. गप्प राहणारे लय असतात. पण मी गप्प नाई राह्यलो. मी म्हणलो, "मले सकाळीच वाटलं होतं, कणीक पातळ हाय म्हणून. पण हिले कोण सांगंन?"

हे ते वाक्य. बारा वर्षं झाली. हेच मी कोणाले सांगतलं नाई.

लोकाईनं माना डोलावल्या. फटकळ माणूस बोलला म्हणजे खरंच असन. बायकोचीही भीड नाई ठेवली पाहा, असं वाटलं असन त्याईले. माह्या फटकळपणाचं वजन मी सारं तिच्यावर टाकलं.

मंग तिनं भाताचा गंज चुलीवर चढवला. सारे वरण-भात अन् भरीत जेवले. अक्काच्या नातवाले वांती झाली त अक्का आणखी दोन गोष्टी बोलली. वच्छलानं ऐकून घेतल्या. ते कच्चे रोडगे तिनं ढोराईपुढं टाकले, एक एक करून, मोजून टाकल्यासारखे. स्वतः जेवली नाई.

घरी येताना बंडीत ती माह्या मागं बसली होती. गाव दिसाले लागलं तवा म्हणली, "तुमची मान खाली गेली आज माह्यानं."

अन् मी काय म्हणलो? मी म्हणलो, "जाऊ दे. होते कधी कधी."

मी तिले माफ केलं, पाहा.

पुढच्या वर्षी देविदासचा फोन आला. वयनीले कायले त्रास, यंदापासून चंपाषष्ठी उमरखेडले करू, दुकानामागं जागा हाय, माणूस लावू रांधाले. तो चांगल्यासाठीच म्हणला. वच्छला म्हणली, बरं होईन, माह्याही हातानं होत नाई आता. तिचं वय तवा काई एवढं नव्हतं. तिकडं गेलो त तिनं सवयीनं पदर खोचला अन् रांधणाऱ्या माणसाजवळ गेली. एका पोरीनं तिले खुर्चीवर नेऊन बसवलं — "मोठ्या आई, तुमी बसा हो." ती बसली. पाहुण्यासारखी हात मांडीवर ठेवून बसली. तिच्या हाताकडं पाहाचं नाई म्हणून मी दुसरीकडं पाहत राह्यलो. अशा किती चंपाषष्ठ्या गेल्या!

पण घरी तिनं सोडलं नाई. दर हिवाळ्यात एक दिवस थोडीशी कणीक भिजवे. चुलीच्या निखाऱ्यात दोनच रोडगे टाके. एक मले देई अन् समोर बसून राहे. "आता? आतपर्यंत झाला का?" मी म्हणो, झाला. "पाणी कमी केलं या वेळी," ती म्हणे. पुढच्या वर्षी आणखी कमी. मोहन बदलून पाह्यलं, दळण बदललं, कणीक झाकून ठेवून पाह्यली, न झाकता पाह्यली. आपली चूक शोधून राह्यली होती ती. जी नव्हतीच ती. कशी सापडंन?

त्या कच्च्या रोडग्याच्या दिवसापासून तिच्या हातचा तो पहिलेचा रोडगा मी पुन्हा खाल्ला नाई. कणीक घट्ट होत गेली, रोडगा टणक होत गेला. अंगठ्यानं दाबून पाहाचं तिनं सोडलंच होतं. हाताले विचारत नव्हती आता, वाटीनं पाणी मोजे. एकदा — एकदाच — मी म्हणलो, "वच्छला." तिनं मान वर केली. कपाळाले पीठ लागलं होतं. "बोला ना," म्हणली.

मी म्हणलो, "मीठ कमी वाटते."

तिनं चिमूटभर मीठ घातलं.

दीड वर्ष झालं तिले जाऊन. दम्यानं गेली. शेवटचे दोन महिने खाटेवरच होती. पोरगा लोहारा गावच्या कारखान्यात कामाले हाय, तो अन् सून अश्विनी तिकडून येऊन राह्यले होते. अश्विनी चांगली पोरगी हाय. सासूजवळ बसून सारं विचारून घेई — लोणचं कसं, सांडगे कसे. एका दिवशी मी दारात सुपारी कातरत बसलो होतो अन् आतून ऐकू आलं. वच्छलाले बोलता येत नव्हतं धड, एक शब्द अन् मंग श्वास. तरी सांगून राह्यली होती. "रोडग्याले पाणी... कमी घालजो. वाटीनं घालजो. माह्यासारखं करू नको... मी हातानं घालो... अन् साऱ्याईसमोर फजिती झाली. तुह्या मामाजीची मान गेली खाली."

सुपारी कातरता कातरता मी थांबलो. चार पावलं होती आत जाले. मी उठलो नाई. काहून नाई उठलो? पाय दुखत नव्हते. कोणी पाहुणा नव्हता. ती होती, सून होती, अन् मी. तिले एवढंच म्हणाचं होतं, वच्छला, तुह्यी कणीक बरोबर होती, गोवऱ्या वल्ल्या होत्या. येवढ्या शब्दाईले किती दम लागते? तिच्यापाशी नव्हता, माह्यापाशी होता.

मी पुन्हा सुपारी कातरू लागलो. नऊ दिवसानं ती गेली.

गेल्या मार्गशीर्षात पोरगा म्हणला, आईच्या नावानं चंपाषष्ठी वावरात करू, पहिलेसारखी. सारे आले. अक्का आता काठी टेकत चालते, तरी आली. देविदास आला. उडवी मी लिपली होती. आर असा लागला की काय सांगू, धुराचा पत्ता नाई, सारा लाल. अश्विनीनं कणीक केली, वाटी मोजून, सासूनं सांगतली तशी.

रोडगे दगडासारखे टणक. भाजले त आतपर्यंत होते, पण पापुद्रा एक सुटला नाई, तूप वरच राह्यलं. मले आता पुढचे दात नाईत. वरणात भिजवून भिजवून खाल्ला. बाकीच्याईनंही खाल्ला. पहिलेचा विसरून गेले ते, आता त्याईले वाटते रोडगा असाच असते. नव्या पोराईनं त दुसरा पाह्यलाच नाई. पुढं त्याईच्या बायका असाच करतीन, त्याईच्या सुनाही असाच करतीन. माह्या त्या एका वाक्यानं भिजवलेली कणीक हाय ती.

आता मले रात्रंदिवस एकच खावंसं वाटते. तिच्या हातचा, वाटी न मोजलेला, तडकला की फुलासारखा सुटणारा. कोणाले सांगू करून दे म्हणून? तो येत होता ते दोन हात गेले, अन् जाण्याआधी त्या हाताईनं आपलीच विद्या खोटी ठरवली.

पंगतीत अश्विनी तूप वाढत माह्यापाशी आली. "मामाजी, कणीक जमली ना?"

मी काई म्हणाच्या आत अक्का बोलली, "जमली म्हणजे! वच्छलाचा हात शेवटी शेवटी बिघडला होता माय. त्याच्यापेक्षा हिचाच बरा. हाय का नाई रे?"

सारे माह्याकडं पाहून राह्यले होते. देविदास होता, जवाई होता, तेच लोकं. तिले मरून वर्ष होत आलं होतं. आता भेव कोणाचं होतं मले?

मी म्हणलो, "हो."

अन् आणखी एक रोडगा मागून घेतला.